लेकीचं काळीज

(गणेशोत्सवाच्या पाचव्या दिवशी संध्याकाळी, आरतीनंतर केलेलं भाषण)



मी काही वक्ता नाही. तीस वर्षं मूस आणि भट्टीसमोर बसलेला माणूस. सोन्याचा टंच काढायला सांगा, लगेच काढून देईन. पण चार माणसांत उभं राहून बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. तरी समितीने आग्रह केला की, तुमच्या लेकीच्या आजारपणाची हकीकत सांगा, नव्या पोरांना उपयोग होईल. म्हणून उभा राहिलो आहे. काही गोष्टी अशा आहेत की त्या मी घरातसुद्धा फार उशिरा बोललो. आज बाप्पासमोर बोलतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

आपण बहुतेक सगळे खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी तालुक्यांतले. पोटासाठी निघालो आणि देशभर पसरलो. काहीजण थेट कावेरीच्या काठी, या कुंभकोणमला येऊन राहिलो. आपल्याआधीही इथे मराठी माणूस होता. तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं, सरफोजीराजांनी तिथे धन्वंतरी महाल काढून औषधांचा अभ्यास करवला, हे आपण आल्या पाहुण्याला अभिमानाने सांगतो. पण घरात आजारपण आलं की ती पुण्याई कामाला येत नाही. तेव्हा कामाला येतं ते शेजारचं दार.

आमची धाकटी 2014 च्या गणपतीच्या आदल्या आठवड्यात इथेच जन्मली. थोरला मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. लेक झाली म्हणून मी बाजारपेठेत पेढे वाटले. वजन चांगलं, रंग गोरापान, काही शंका येण्यासारखं नव्हतं. तीन महिन्यांची झाल्यावर मंडळी म्हणाल्या, "रडली की हिचे ओठ जांभळे होतात." मी म्हणालो, थंडी असेल. आता कुंभकोणमला कसली थंडी! एका ठिकाणी दाखवलं, तिथे सर्दी म्हणून औषध दिलं. महिनाभराने दुसऱ्या डॉक्टरांकडे लसीला गेलो. त्यांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग शांतपणे म्हणाले, "तंजावरला जाऊन इको करून या."

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. ती झाली आणि आजाराचं नाव कळलं: टेट्रालॉजी ऑफ फॅलो. फॅलो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1888 साली त्याचं नीट वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव. टेट्रा म्हणजे चार. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, शरीराला रक्त नेणारी महाधमनी त्या छिद्राच्या वरच सरकलेली, आणि या सगळ्यामुळे उजव्या कप्प्याची भिंत जाड झालेली. फुप्फुसाकडे पुरेसं रक्त जात नाही. अशुद्ध रक्त छिद्रातून शुद्ध रक्तात मिसळतं आणि तेच अंगभर फिरतं. म्हणून मूल निळं पडतं. आपल्या भाषेत सांगायचं तर माल शुद्ध व्हायच्या आधीच बाहेर पडतो.

डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून समजावलं. मी मान हलवत होतो, पण कानात काही जात नव्हतं. मंडळींनी एकच प्रश्न विचारला, "माझं काय चुकलं?"

इथून घरातला खरा त्रास सुरू झाला. गावाकडे फोन केला. आई म्हणाली, "गरोदरपणात ग्रहण पाळलं नसेल हिने. भाजी चिरली असेल." आईचं वय झालेलं, तिच्या मनात वाईट नव्हतं. पण तो शब्द घरात शिरला आणि बाहेर निघेना. मंडळी रात्री उठून बसायच्या आणि आठवायच्या, कोणत्या दिवशी काय चिरलं. आणि मी गप्प राहिलो. ही माझी पहिली चूक. गप्प राहायला कारण होतं. माझ्या मनात दुसरंच खात होतं. आम्ही दुकानाच्या माडीवर राहत होतो. खाली भट्टी आणि तेजाब, वर गरोदर बायको. तो धूर मीच तिला दिला, असं मला वाटायचं. बायकोवर आळ येत होता तोवर माझ्यावर कोणी बोट दाखवत नव्हतं. मग मी कशाला तोंड उघडतो?

एक दिवस धीर करून दोघांनी मिळून डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "बाळाचं हृदय पहिल्या दोन महिन्यांतच घडतं. बहुतेक मुलांत असं एकच कारण सापडत नाही. ग्रहणाचा तर काहीच संबंध नाही. धुरापासून बाळाला दूर ठेवा, ते आता गरजेचं आहे. पण झालं ते तुमच्यामुळे झालं, असं मी म्हणू शकत नाही." घरी आल्यावर मी पंचांग काढलं. मंडळींच्या नऊ महिन्यांत दोन ग्रहणं झाली होती, 15 एप्रिल 2014 चं चंद्रग्रहण आणि 29 एप्रिलचं सूर्यग्रहण. दोन्ही भारतातून दिसलीच नव्हती! आणि एप्रिलपर्यंत बाळाचं हृदय कधीच घडून झालं होतं. ते पंचांग मी आईला फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तिला फोन दे." सासू-सुनेचं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. पण त्या रात्री घरात पहिल्यांदा सगळे झोपले.

माता-भगिनींनो, आपल्या घरांत आजही हे बोललं जातं. दर हजार जन्मांत आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. भारतात वर्षाला दोन लाखांच्या वर अशी बाळं जन्मतात, असा अंदाज आहे. जवळच्या नात्यात लग्न झालं असेल तर धोका थोडा वाढतो, एवढं मात्र डॉक्टर सांगतात, आणि ते आपण ऐकलं पाहिजे. पण इतक्या सगळ्या आयांनी ग्रहणात भाजी चिरली असेल का? बाळ आजारी निघालं तर आईला दोष देऊ नका. तिला आधीच फार काम असतं.

काम काय असतं ते सांगतो. शस्त्रक्रिया लगेच करायची नव्हती. वजन वाढू दे, म्हणाले. मग वजन हाच आमचा देव झाला. सोनं तोलणारा मी, पोरीच्या पन्नास ग्रॅमसाठी जीव टाकू लागलो. दूध ओढताना ती दमायची, म्हणून थोडं थोडं, दर दोन तासांनी. लोहाचं औषध चुकवायचं नाही, कारण अशा मुलाचं रक्त कमी पडलं तर झटके वाढतात. जुलाब-उलटी झाली की घरी थांबायचं नाही. अंगातलं पाणी कमी होणं या मुलांना फार धोक्याचं. इथल्या मे महिन्यात तर डोळ्यांत तेल घालून राहावं लागे. प्रोप्रॅनोलॉलची गोळी मोजून, कुटून, पाण्यातून. आम्ही दुकानाची माडी सोडली आणि दोन गल्ल्या पलीकडे भाड्याने घर घेतलं, तेजाबाच्या वासापासून दूर.

सातव्या महिन्यात पहिला झटका आला. सकाळी उठली, रडली, रडता रडता श्वास जोरात चालू झाला, ओठ, जीभ, नखं काळीनिळी. डॉक्टरांनी शिकवून ठेवलं होतं म्हणून वाचलो. बाळाला उचलायचं, दोन्ही गुडघे छातीशी दुमडून धरायचे, आणि आपण शांत राहायचं. पाय दुमडले की अंगाकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा होतो आणि फुप्फुसाकडे जास्त रक्त वळतं. थोडी मोठी झालेली मुलं खेळता खेळता आपणहून उकिडवी बसतात, ती याचसाठी. कोणाचं मूल असं वारंवार बसताना दिसलं तर हसू नका, डॉक्टरांना दाखवा.

शेजारच्या पाट्टी, म्हणजे आजीबाई, धावत आल्या. त्यांना मराठी येत नाही, आमच्या मंडळींना तेव्हा तमिळ येत नव्हतं. पाट्टी एवढंच म्हणत राहिल्या, "बयप्पडादींग, बयप्पडादींग." घाबरू नका. आमच्या मंडळींनी शिकलेला पहिला तमिळ शब्द तो.

आता पैशाचं सांगतो. शस्त्रक्रिया चेन्नईला ठरली. खर्च पावणेतीन-तीन लाख सांगितला. सरकारी विमा योजना इथे होती, पण आमचं रेशनकार्ड गावाकडचं. इथे मिळणार नाही, असं कोणीतरी सांगितलं आणि मी कुठेही न विचारता ते खरं मानलं. त्याच दिवसांत एका नातेवाईकाचा फोन आला. ते म्हणाले, "एवढा पैसा घालतोस, मुलगीच आहे. देवाने दिली, देव बघेल. तू थोरल्याचा विचार कर."

मित्रहो, मी फोन आपटला नाही. हे आज कबूल करतो. मी "बघू" म्हणालो. एक अख्खी रात्र मी हिशोब करत बसलो होतो. मुलगा असता तर मी तो हिशोब केला असता का? दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना हृदयाची शस्त्रक्रिया सांगितली होती, त्यांत मुलग्यांपैकी सुमारे 70 टक्क्यांची झाली, मुलींपैकी 44 टक्क्यांची. हा आकडा मला पुढे कळला, आणि कळला तेव्हा ती रात्र आठवली. ज्या मुली राहून गेल्या, त्यांचे बाप काही राक्षस नव्हते. माझ्यासारखेच "बघू" म्हणाले असतील.

सकाळी मंडळींनी मंगळसूत्र सोडून सगळे दागिने माझ्यासमोर ठेवले. म्हणाल्या, "टंच काढा." मी काही बोललो नाही. दुकानात गेलो आणि भिशीतल्या सगळ्यांना बोलावलं. माझा नंबर सात महिन्यांनी होता. त्यांनी तिथेच ठरवलं की या महिन्याची उचल याला, आणि ज्याचा नंबर होता त्याने, घरात बहिणीचं लग्न असताना, हो म्हटलं. तो आज इथे बसला आहे. नाव घेतलेलं त्याला आवडणार नाही. दागिने मोडावे लागले नाहीत.

3 डिसेंबर 2015 ही तारीख मिळाली. 1 डिसेंबरच्या रात्रीच्या गाडीने निघायचं होतं. त्या दिवशी चेन्नईत काय झालं ते आपल्याला आठवत असेल. ढगफुटीसारखा पाऊस, अड्यार नदी शहरात शिरली, विमानतळ बंद, गाड्या रद्द. बॅगा भरून दारात ठेवलेल्या आणि टीव्हीवर पाण्यात बुडालेलं चेन्नई. तारीख पुढे गेली. आठवड्याने रात्री लेकीला मोठा झटका आला, बेशुद्ध पडली. रिक्षात मंडळींनी तिचे गुडघे छातीशी धरून ठेवले होते, मी पुढे बसून देवाचं नाव घेत होतो, आणि मागे मोटारसायकलवर पाट्टींचा मुलगा, वाट मोकळी करायला. दवाखान्यात ऑक्सिजन आणि इंजेक्शन मिळालं. ती पहाटे डोळे उघडून माझ्याकडे बघून हसली.

जानेवारी 2016 मध्ये, पोंगलच्या आधी, शस्त्रक्रिया झाली. रक्तदाते हवे होते. साहुकारपेठेतली आपली गलाईची चार पोरं काम बंद करून आली, आणि कुंभकोणमहून पितळी समया करणारे दोन तमिळ कारागीर रात्रीच्या गाडीने आले. पाच तास लागले. छिद्रावर पॅच बसवला, फुप्फुसाकडची वाट रुंद केली. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "जाऊन तिची नखं बघा." इतक्या नळ्यांत पोरीचा चेहरा दिसत नव्हता. नखं दिसली. गुलाबी होती. सतरा महिन्यांत मी तो रंग पाहिला नव्हता.

ही शस्त्रक्रिया आकाशातून पडलेली नाही. निळ्या बाळांवर पहिला उपाय 1944 साली अमेरिकेत बाल्टिमोरला झाला. हेलन टॉसिग या बाईंनी कल्पना दिली. त्यांना ऐकू कमी यायचं, त्या हाताने ठोके तपासत. ब्लॅलॉक यांनी ती शस्त्रक्रिया केली. आणि व्हिव्हियन थॉमस नावाच्या कृष्णवर्णीय सहायकाने, ज्याला डॉक्टर होता आलं नाही, ती प्राण्यांवर करून बसवली होती. डिग्री नसलेला, हाताचं कसब असलेला माणूस. आपल्यासारख्या कारागिरांना त्याचा अभिमान वाटावा.

फेब्रुवारीत घरी आलो तेव्हा गाव महामहमच्या गर्दीने फुललं होतं. बारा वर्षांनी येणारं पर्व, लाखो लोक, घरापासून तळं हाकेच्या अंतरावर. डॉक्टरांनी गर्दी वर्ज्य सांगितली होती. आम्ही दार लावून घरात बसलो. पाट्टींनी तळ्याचं पाणी तांब्यातून आणलं आणि दारातूनच लेकीच्या दिशेने चार थेंब शिंपडले. मला पुरेसं वाटलं. जवळच तिरुवलंचुळीला पांढरा विनायक आहे, आपण सगळे जातो. समुद्राच्या फेसाची मूर्ती म्हणून तिला अभिषेक करत नाहीत, नुसती कापराची पूड वाहतात. देवालासुद्धा जपून हाताळावं लागतं, तिथे माणसाच्या लेकराचं काय!

आता माझी सर्वांत मोठी चूक. या सगळ्या धावपळीत थोरल्याला मी आठ महिने गावाकडे आईपाशी ठेवला. सोय म्हणून. परत आला तेव्हा तो माझ्याशी बोलेना. मग एके दिवशी म्हणू लागला, "माझ्या पण छातीत दुखतं." घाबरून तपासणी केली, सगळं नीट. डॉक्टरांनी मुलाला बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, "त्याला काही झालेलं नाही. तुम्ही त्याच्याबरोबर शेवटचं कधी जेवलात?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून रोज रात्रीचं जेवण त्याच्या शेजारी बसून. दुकान पुढे अर्धा तास उशिरा बंद झालं तरी चालेल, पण ते चुकवत नाही. आज तो कॉलेजला आहे. मोकळा बोलतो, पण त्या आठ महिन्यांबद्दल अजून बोलत नाही. तो माझा हिशोब अजून फिटलेला नाही.

लेक शाळेत जाते, खेळते, मराठीपेक्षा तमिळ चांगलं बोलते. पण "बरी झाली, संपलं" असं नसतं. वर्षाला इको करावा लागतो. फुप्फुसाकडच्या झडपेतून थोडी गळती आहे. पुढे कधीतरी झडप बसवावी लागेल. दाताचं काम करायचं तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावं लागतं. छातीवरच्या व्रणाबद्दल शाळेत मुली विचारतात. ती सांगते, "इथून दुरुस्त केलंय."

शेवटी समितीपुढे चार गोष्टी मांडतो.

पहिली: आपल्यात बाळ जन्मलं की घरी न्यायच्या आधी, एक दिवसाचं झाल्यावर, हाताला आणि पायाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून घ्या. दोन मिनिटांचं काम, दुखत नाही. आकडा 95 च्या खाली असेल तर पुढची तपासणी. आकडा चांगला आला तरी पुढे ओठ निळे दिसले की थांबू नका.

दुसरी: माझ्यासारखं ऐकीव बोलण्यावर राहू नका. तमिळनाडूत मुख्यमंत्र्यांची आरोग्य विमा योजना 2012 पासून आहे, तंजावरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन स्वतः विचारा. गावाकडचं कार्ड असेल तर महाराष्ट्रात महात्मा फुले योजना आहे. अंगणवाडी आणि सरकारी शाळेतल्या मुलांसाठी 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. श्री सत्यसाईंच्या पुट्टपर्थी, व्हाईटफिल्ड आणि खारघर इथल्या रुग्णालयांत हृदयाचे उपचार मोफत होतात.

तिसरी: पुढच्या स्मरणिकेत जाहिरातींच्या पानांबरोबर एक पान रक्तगटांचं असावं. नाव, गट, फोन. साहुकारपेठेतल्या आपल्या बांधवांकडूनही मागवू.

चौथी: दर भिशीतून शेकडा एक रुपया बाजूला ठेवावा, आजारपणासाठी. माझ्या वेळी एका माणसाने आपल्या बहिणीच्या लग्नाचा नंबर दिला. दरवेळी कोणाला तसं करावं लागू नये. या निधीत पहिली रक्कम मी आज इथे जमा करतो, आणि त्याला एकच अट घालतो. पैसा देताना मुलगा की मुलगी, हे कोणी विचारायचं नाही.

इथले लोक आपल्या बाप्पाला पिळ्ळैयार म्हणतात. पिळ्ळै म्हणजे मूल. त्या मूलरूपी देवापुढे आज आरतीला टाळ कोण वाजवत होतं, ते तुम्ही पाहिलंच. ताल जरा चुकत होता. तेवढं चालवून घ्या.

गणपती बाप्पा मोरया!